रक्त किती आहे ते सोडा, बनून किती राहिलं ते सांगा

मारबत झाली, गणपतीही गेले. "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" म्हणून नागपुरातलं अख्खं महाल-इतवारी ओरडलं, पण डेंग्यूनं काही ऐकलेलं दिसत नाही, कारण त्या दिवसापासून माझ्या मोबाईलवर लोकांच्या सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टचे फोटो येऊन राहिले, काही तर इतके तिरपे की मान वाकडी करून वाचावे लागतात. या महिन्यात त्यातलेच प्रश्न घेते. कोणाच्या प्लेटलेट, कोणाचं हिमोग्लोबिन, कोणाच्या पांढऱ्या पेशी, पण सगळ्यांची गाडी अडकली एकाच ठिकाणी: आपण रिपोर्टवरचा आकडा बँकेतल्या शिलकीसारखा वाचतो. आता बघा, मोठ्या माणसाच्या शरीरात रोज साधारण २०,००० कोटी लाल पेशी मरतात अन् तेवढ्याच नव्या बनतात, म्हणजे सेकंदाला २३ लाखांच्या आसपास. गच्चीवरची टाकी अर्धी आहे एवढं कळून काय होते, वरून नळ चालू आहे का अन् खाली कुठला कॉक गळून राहिला ते पाहायला नको का? पुढची सगळी उत्तरं त्या नळाबद्दलच आहेत असं समजा.

प्रश्न (मानेवाडा): ताई, बाबांना डेंग्यू झाला. प्लेटलेट आधी १ लाख १० हजार, मग ६२ हजार, मग २८ हजार. घरात रडारड. काकानं पपईच्या पानाचा रस आणला, आत्यानं बकरीचं दूध, मी तीन रक्तपेढ्यांत फोन केले. डॉक्टर म्हणे थांबा. मग आपोआप ५५, मग ९०, मग दीड लाख! आता घरात भांडण चालू आहे, पपईनं वाढल्या की दुधानं. तुम्हीच निकाल द्या.

निकाल देते, पण दोघंही हरणार. जिंकलं लिव्हर.

प्लेटलेट बनवायचा हुकूम देणारं एक हार्मोन आहे, थ्रोम्बोपोएटिन, अन् ते मुख्यतः लिव्हर बनवते. गंमत म्हणजे लिव्हर प्लेटलेट मोजत बसत नाही, ते आपलं जवळपास एकाच चालीनं हार्मोन सोडत राहते. मोजणी होते ती प्लेटलेटकडूनच. प्रत्येक प्लेटलेटवर या हार्मोनला पकडायचे हूक असतात, ती ते पकडते अन् गिळून टाकते. पंगतीसारखं आहे, भात रोज तेवढाच शिजतो, खाणारे भरपूर असले तर पातेलं रिकामं होते, खाणारे कमी झाले तर भात उरतो, अन् तो उरलेला भात हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, पोचला की तिथल्या मोठ्या पेशी कामाला लागतात. मेगाकॅरिओसाइट म्हणतात त्यांना. मॅरोच्या स्लाइडवर या दिसल्या की विद्यार्थी हमखास खुश व्हायचे कारण एवढी दांडगी पेशी दुसरी नसते तिथं. ती आपले लांब हात रक्तवाहिनीत घुसवते अन् त्या हातांचे तुकडे तुटून प्लेटलेट बनतात, एकेकीपासून हजार, दोन हजार, जास्तही. पण हे सगळं व्हायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून आज हुकूम सुटला तर उद्या सकाळच्या रिपोर्टात उडी दिसत नाही, अन् नेमक्या त्या मधल्या दिवसांत नातेवाईक पपईच्या झाडावर चढतात.

डेंग्यूत होते काय, की विषाणू पहिल्या काही दिवसांत मॅरोला दाबून टाकतो अन् रक्तात फिरणाऱ्या प्लेटलेटही नेहमीपेक्षा लवकर मरतात, म्हणजे नळ बारीक अन् गळती मोठी. ताप उतरायच्या सुमारास आकडा सगळ्यात खाली असतो, पण तोवर मॅरो उठून बसलेली असते. तुमच्या काकांनी रस आणला तो साधारण त्याच दिवशी. श्रेय कोणाला जाणार ते तुम्हाला कळलंच असेल.

एक गोष्ट मात्र भांडण सोडून सगळ्यांनी ऐका. डेंग्यूच्या रिपोर्टात घरचे प्लेटलेटकडे बघतात अन् डॉक्टर त्याच्या वरच्या एका ओळीकडे, पीसीव्हीकडे, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते. रक्तवाहिन्यांतून पातळ भाग झिरपून बाहेर गेला की रक्त घट्ट होते अन् पीसीव्ही चढतो, ४० चा ४८ झाला म्हणजे वीस टक्के वाढ, ही खरी धोक्याची घंटा. ताप उतरला म्हणून घरी आराम करत असलेला माणूस पोटात दुखतं म्हणतो, उलट्या करतो, हातपाय थंड पडतात, तेव्हा प्लेटलेट ९० हजार असल्या तरी पळत दवाखान्यात न्यायचं. अन् रक्तस्राव नाही, आकडा अगदी तळाला गेलेला नाही, तर वरून प्लेटलेटच्या पिशव्या चढवून फार फायदा नसतो, त्याही तशाच लवकर मरतात. तुमच्या डॉक्टरांनी "थांबा" म्हटलं ना, ते म्हणायला हिंमत लागते हो, बाहेर पंधरा नातेवाईक उभे असताना.

प्रश्न (नंदनवन): मॅडम, मंडळाच्या शिबिरात ३५० मिली रक्त दिलं. आई म्हणते आता महिनाभर डाळिंब खा नाहीतर चक्कर येईल. मला फक्त हे सांगा, इतकं गेलं हे शरीराला कसं समजते? कोणी मोजून राहिलं का आत?

वा, काय प्रश्न विचारला! मोजून राहिलं ना. अन् तो मोजणारा हृदयात नाही, मेंदूत नाही, हाडातही नाही, तो किडनीत बसला आहे. पहिल्यांदा शिकवताना वर्गात विचारायची तर कोणीच किडनी म्हणायचं नाही.

किडनीच का, तर हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, या दोन मुठीएवढ्या अवयवांतून जातो, अन् किडनीचं काम असं आहे की रक्त जास्त आलं की गाळायचं कामही जास्त, म्हणजे ऑक्सिजनचा खर्चही जास्त. दुसरीकडे, समजा मांडीचा स्नायू, तिथं तुम्ही पळालात तर ऑक्सिजन कमी पडतो, बसलात तर उरतो, त्याच्यावरून रक्ताचा अंदाज लागणार नाही. किडनीत मात्र आवक अन् खर्च सोबत वरखाली होतात, त्यामुळे तिथं ऑक्सिजन कमी पडला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच, रक्तात ऑक्सिजन वाहून आणणारे कमी झाले.

मोजते कसं हेही सांगते, कारण याच शोधासाठी २०१९ चं नोबेल मिळालं, केलिन, रॅटक्लिफ अन् सेमेन्झा या तिघांना. पेशीत एक प्रोटीन सतत बनत असते, हिफ नावाचं. ऑक्सिजन असला की त्याच्यावर एक शिक्का बसतो अन् शिक्का बसलेलं प्रोटीन पेशी लगेच मोडीत काढते. पण शिक्का मारायला शाई म्हणून ऑक्सिजनच लागतो! ऑक्सिजन कमी पडला की शाई संपली, शिक्का बसत नाही, हिफ वाचते, केंद्रकात जाते अन् एरिथ्रोपोएटिनचं जीन चालू करते. म्हणजे चोवीस तास हे प्रोटीन बनवायचं अन् चोवीस तास मोडायचं. आपल्याला वाटेल काय फुकटचा खर्च, पण त्याच्यामुळेच गरज पडली तर काही मिनिटांत हिफ जमा होते, नव्यानं बनवायची वाट बघावी लागत नाही.

हे एरिथ्रोपोएटिन, लॅबमधले लोक इपीओ म्हणतात, ते मिळवायची कथा तर भारीच आहे. असं काही हार्मोन असावं हे १९०६ सालीच कार्नो अन् डेफ्लांद्र या फ्रेंच जोडीनं मांडलं होतं. पण रक्तात ते इतकं कमी असते की वेगळं काढणार कसं? शेवटी १९७७ मध्ये शिकागोच्या यूजीन गोल्डवॉसरच्या टीमनं ते शुद्ध काढलं, कशातून, तर २,५५० लिटर लघवीतून! जपानमधल्या अशा रोग्यांची लघवी, ज्यांची मॅरो बंद पडली होती. विचार करा का ते. मॅरो काही ऐकत नाही, रक्त वाढत नाही, म्हणून किडनी बिचारी हाका मारमारून हार्मोन ओतत राहते अन् ते उतू जाऊन लघवीत येते. मियाके नावाच्या जपानी संशोधकानं ते जमवून, सुकवून अमेरिकेत नेलं. बारा वर्षांनी, १९८९ ला, त्याचं औषध बाजारात आलं. आपल्याकडे डायलिसिसवर असलेल्या माणसाला जे "रक्त वाढायचं इंजेक्शन" देतात ते हेच, किडनीच खराब म्हणून मोजणाराही गेला अन् सांगणाराही गेला, मग बाहेरून निरोप द्यावा लागतो.

आता तुमच्या ३५० मिलीचं. रक्त दिल्या दिल्या हिमोग्लोबिन तपासलं तर जवळपास तेवढंच येईल, कारण पाणी अन् पेशी त्याच प्रमाणात गेल्या. पाणी एक-दोन दिवसांत भरून निघते अन् तेव्हा आकडा थोडा खाली दिसतो. मग किडनी जागी होते. इथं एक बारकी गोष्ट आहे जी मला स्वतःला फार आवडते: इपीओ नव्या पेशी पैदा करते असं नाही. मॅरोत लाल पेशी व्हायच्या रांगेत उमेदवार नेहमीच गरजेपेक्षा जास्त असतात अन् त्यातले बरेच तिथंच मरून जातात, ठरवून. इपीओ वाढलं की ते मरणारे वाचतात. बस एवढंच. म्हणून उत्पादन वाढवायला वेळ कमी लागतो, उमेदवार तयारच असतात. तीन-चार दिवसांनी रक्तात कोवळ्या लाल पेशी दिसायला लागतात, त्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात, बोलताना रेटिक. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नेहमी साधारण एक टक्का असतात, मॅरो जोरात असली की वाढतात. पेशी महिना-दीड महिन्यात भरून येतात.

अडते ते लोहावर. ३५० मिलीसोबत दीडशे मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह गेलं, अन् जेवणातून आतड्यात दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषलं जाते. करा हिशोब. म्हणूनच पुरुषांना दोन दानांमध्ये तीन महिने अन् बायांना चार महिने थांबवतात. आईला सांगा डाळिंब चविष्ट आहे, खुशाल खा, पण लोहाला हरभरा, पालेभाजी, मटण, अन् सोबत लिंबू पिळलेलं असलं तर उत्तम, जेवल्या जेवल्या चहा नको. शनिवारी रात्री सावजीत बसणाऱ्यांना मटणाची आठवण करून द्यायची गरज नाही म्हणा.

प्रश्न (त्रिमूर्ती नगर): माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या, संधिवात आहे जुना. हिमोग्लोबिन ९ च्या वर जातच नाही. आठ महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, पोट बिघडलं तेवढंच. आता फेरिटिन, म्हणजे साठ्यातल्या लोहाची तपासणी, काढलं तर ते जास्त निघालं! लोह जास्त अन् रक्त कमी, असं कसं होईल? लॅबची चूक तर नाही?

लॅबची चूक नसावी ताई, हा रिपोर्ट एकदम बोलका आहे. तुमच्या सासूबाईंच्या घरात धान्य आहे पण कोठीला कुलूप आहे.

कुलपाचं नाव हेप्सिडिन. हेही लिव्हरच बनवते (या महिन्यात लिव्हरनं फारच जागा खाल्ली). शरीरात लोहाला पेशीतून रक्तात यायचं एकच दार असते, आतड्याच्या पेशीत तेच अन् जुन्या लाल पेशी मोडून लोह परत काढणाऱ्या पेशींतही तेच. हेप्सिडिन येऊन ते दार बंद करते. लक्षात घ्या, आपल्याला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते नवं रक्त बनवायला, अन् त्यातलं बहुतेक सगळं जुन्या पेशींच्या भंगारातूनच येते. म्हणजे दार बंद झालं की गोळ्यांतलं शोषलं जात नाही हा छोटा तोटा, भंगारातलं परत मिळत नाही हा मोठा.

शरीर असा वेडेपणा का करते? कारण जंतूंनाही वाढायला लोहच लागते. शरीरात कुठं दाह सुरू झाला, आयएल-६ वगैरे निरोप सुटले, की लिव्हर समजते शत्रू आला, कोठीला कुलूप घाला. आठ-दहा दिवसांच्या तापात हा डाव बरोबर आहे, हिमोग्लोबिन पडेपर्यंत ताप जातोसुद्धा, लाल पेशी १२० दिवस जगते ना. पण संधिवातात शत्रू कधी जातच नाही, वर्षानुवर्षं कुलूप तसंच. त्याच्यात किडनीचा आवाजही बारीक होतो अन् मॅरोही इपीओचं नीट ऐकत नाही, असे तीन तीन फटके.

उलट बाजूनं कुलूप उघडवणाराही आहे बरं का. मॅरोत लाल पेशी जोरात बनायला लागल्या की त्या पेशीच लिव्हरला निरोप पाठवतात, "उघड, लोह पाहिजे". त्या निरोपाचं नाव एरिथ्रोफेरोन, २०१४ मध्येच सापडला. वरच्या रक्तदात्याच्या अंगात हाच निरोप फिरून राहिला असेल. तुमच्या सासूबाईंच्या घरात मात्र बंद करा म्हणणारा जास्त जोरात ओरडून राहिला. म्हणून गोळ्यांचा डोस वाढवण्यापेक्षा संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा की दाह आटोक्यात आहे का, सीआरपी (दाह मोजायची रक्ततपासणी) किती, किडनीची तपासणी झाली का. अन् या वयात पोटातून बारीक रक्त जाते का हेही एकदा बघाच, संधिवातवाल्यांच्या घरात दुखण्याच्या गोळ्यांचा डबा असतोच अन् त्या गोळ्या जठराला ओरखडतात. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात, मग फेरिटिन एकट्यानं फसवते.

प्रश्न (प्रतापनगर): मुलगा नीटची तयारी करतो. थकवा म्हणून तपासलं तर पांढऱ्या पेशी १२,६००. ताप नाही, खोकला नाही. मी गूगल केलं अन् दोन रात्री झोपले नाही. तुम्हाला काय वाटते?

मला वाटते आज रात्री तुम्ही झोपा. मग मुलालाही झोपवा, औषध बहुतेक तेच आहे.

बर्डीच्या मेन रोडवर दिवाळीच्या आधी गेलात कधी? जेवढ्या गाड्या चालत असतात तेवढ्याच कडेला लावलेल्या असतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचं तसंच आहे, साधारण अर्ध्या रक्तात वाहत असतात अन् अर्ध्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून, अन् सुई टोचून आपण मोजतो त्या फक्त वाहणाऱ्या. माणूस घाबरला, पळत तीन जिने चढून लॅबमध्ये आला, कोणाशी भांडून आला, की ॲड्रेनलिन सुटते अन् कडेच्या गाड्या रस्त्यावर येतात. नवी एकही पेशी बनली नाही, तरी काही मिनिटांत आकडा वर. दुसरं कॉर्टिसॉल, ताणाचं हार्मोन, ते मॅरोच्या गोदामातल्या तयार पेशीही बाहेर काढते अन् लिम्फोसाइट, इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी मात्र कमी करते. म्हणून मुलाच्या रिपोर्टात खालच्या ओळी वाचा, न्यूट्रोफिल थोड्या जास्त, इओसिनोफिल शून्याच्या जवळ, असं असेल तर चित्र जुळते. दम्यासाठी वगैरे स्टेरॉइडची गोळी चालू असली तरी असंच दिसते, ते डॉक्टरांना नक्की सांगा.

माझाच किस्सा सांगते. एमडीच्या वेळी आम्ही एकमेकांचं रक्त काढून मोजायची प्रॅक्टिस करायचो, त्यात व्हायवाच्या सकाळी माझं टोचलं, आलं १३ हजार. मैत्रीण म्हणे तुला काहीतरी भयंकर झालं. चार दिवसांनी, पास होऊन घरी दोन दिवस झोपून आल्यावर, ७ हजार.

आता जंतूंचा खरा हल्ला झाला तर गोष्ट वेगळी होते. तेव्हा गोदाम संपते अन् मॅरोला जी-सीएसएफ नावाचा तातडीचा हुकूम येतो, बनवा, पटापट बनवा. महाप्रसादाला अंदाजापेक्षा चौपट माणसं आली की आचारी अर्ध्या कच्च्या पुऱ्याही काढायला लागतो ना, तशा कोवळ्या, पूर्ण न पिकलेल्या पेशी रक्तात यायला लागतात. स्लाइडखाली त्या ओळखू येतात, केंद्रकाचे तुकडे पडलेले नसतात, नुसतं वाकलेल्या पट्ट्यासारखं असते. म्हणून मी म्हणते आकड्यापेक्षा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, बघणारा माणूस महत्त्वाचा. मशीन मोजते चांगलं, पण कच्ची पुरी पक्की पुरी नेहमीच ओळखत नाही.

अन् ताण महिनोन्महिने चालला तर? त्यावर २०१४ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, आयसीयूत ड्युटी करणाऱ्या निवासी डॉक्टरांचं रक्त तपासलं तर ड्युटीच्या काळात त्यांच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या. मग उंदरांत कारण शोधलं. मॅरोत सगळ्यांच्या मुळाशी ज्या पेशी असतात त्या बहुतेक वेळ झोपलेल्या असतात, झोपूनच त्या जन्मभर पुरतात. मॅरोपर्यंत नसा जातात, ताणात त्या नसांतून नॉरॲड्रेनलिन सुटते अन् मूळ पेशींना जागेवर धरून ठेवणारा रासायनिक दोर सैल होतो, त्या जाग्या होऊन वाढायला लागतात, अन् त्यांचा कल न्यूट्रोफिल, मोनोसाइट बनवण्याकडे जातो. या जास्तीच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला दाह वाढवतात, म्हणजे हृदयासाठी ते काही चांगलं नाही. तुमच्या अठरा वर्षांच्या मुलाला लगेच काही होणार नाही, पण कोचिंगवाले जेव्हा सांगतात ना की झोप काय आयुष्यभर आहेच, तेव्हा त्यांना सांगा की आमच्या मुलाच्या हाडातल्या पेशी तुमच्याशी सहमत नाहीत.

दोन आठवड्यांनी, सकाळी, शांत बसवून, पुन्हा सीबीसी करा, अन् स्मिअर बघायला सांगा. वजन कमी होऊन राहिलं, गाठी आहेत, रात्री घाम, अंगावर निळे डाग, किंवा आकडा वाढतच चालला, यातलं काही असेल तर मात्र माझ्या पत्राची वाट पाहू नका.

प्रश्न (धरमपेठ): मे महिन्यात हिमोग्लोबिन १७.१ होतं, आता १५.४. दोन पॉइंट कुठं गेले? अन् जूनमध्ये लेहला आठ दिवस जाऊन आलो, तिथं तर रक्त वाढायला पाहिजे होतं ना?

मे महिन्यात ते वाढलेलं नव्हतंच काका, तुम्ही वाळलेले होते! नवतपा, घामाच्या धारा, दिवसभर पाणी कमी, रक्तातला पातळ भाग घटला की तेवढ्याच पेशी दाट दिसतात. मठ्ठा पिऊन दोन दिवसांनी तपासलं असतं तरी खाली आलं असतं.

लेहचं म्हणाल तर साडेतीन हजार मीटरवर इपीओ काही तासांतच वाढते, पण खरोखरच्या पेशी वाढायला आठवडे पाहिजेत, आठ दिवसांत जे वाढलेलं दिसते त्यात मोठा वाटा पुन्हा पाणी कमी झाल्याचा असतो. १८९० मध्ये व्हियो नावाचा फ्रेंच डॉक्टर पेरूमध्ये साडेचार हजार मीटरच्या आसपासच्या खाणीच्या गावी गेला अन् तिथं स्वतःच्याच रक्तातल्या लाल पेशी मोजल्या, एका घनमिलिमीटर रक्तात ५० लाख होत्या त्या तीन आठवड्यांत ७० लाखांच्या वर गेल्या. उंचीचा अन् रक्ताचा संबंध असा पहिल्यांदा आकड्यात पकडला गेला. तुम्ही तिथं राहिला असता तर तुमच्याही वाढल्या असत्या, पण नागपुरात परत उतरल्यावर किडनी म्हणते आता कशाला, अन् इपीओ खाली आणते. सिगारेट ओढत असाल तर मात्र १७ चं कारण तेही असू शकते, धूर ऑक्सिजनची जागा अडवतो अन् किडनीला वाटते तुम्ही डोंगरावर आहात.

प्रश्न (उत्तर नागपूर): मॅडम, माझी मुलगी ९ वर्षांची, सिकलसेल एसएस. हिमोग्लोबिन नेहमी ८ असते, खेळते, शाळेत जाते. मागच्या आठवड्यात दोन दिवस बारीक ताप आला अन् पाच-सहा दिवसांत एकदम ४! दुखणं नाही, काही नाही, नुसती पांढरी पडली अन् धापा टाकायला लागली. भरती केलं, रक्त दिलं, डॉक्टर म्हणे रेटिक शून्य आहे, व्हायरस आहे. आता बरी आहे. पण मला समजलंच नाही काय झालं. अन् तिचा लहान भाऊही एसएस आहे, त्याला वेगळं झोपवू का?

ताई, तुमचं पत्र आलं अन् मी बाकीची बाजूला ठेवून आधी तुम्हाला फोन केला, ते तुम्हाला माहीतच आहे. पण आपल्या विदर्भात एसएस मुलं, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचं जीन आलेली, ज्यांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, इतकी आहेत, की इथंही लिहिते.

साधी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलची १० ते २० दिवस. म्हणजे तुमच्या मुलीची मॅरो जन्मापासून इतरांच्या सहा-आठ पट वेगानं काम करून राहिली. दुसऱ्यांच्या शरीराला रक्त वाहून गेल्यावर जी आणीबाणी लागते, ती तिच्यासाठी रोजची आहे. किडनीतून इपीओ जोरात, अन् अशा ताणात कॉर्टिसॉलही मदत करते, ते लाल पेशींच्या कोवळ्या उमेदवारांना म्हणते, लगेच पिकू नका, आधी आणखी फुटा, दुप्पट व्हा. याच्यासाठी फोलिक ॲसिड जास्त खर्च होते म्हणून ती गोळी बंद करायची नाही. घाईघाईत बनलेल्या पेशींत गर्भात असतानाचं हिमोग्लोबिनही थोडं जास्त येते, अन् ते सिकलला वाकू देत नाही, हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः तेच वाढवून काम करते.

म्हणजे तिचे ८ हे सुस्त ८ नाहीत. नळ पूर्ण सोडलेला, खाली गळती मोठी, अन् टाकी कशीबशी ८ वर टिकलेली.

आता पार्व्हो, म्हणजे पार्व्होव्हायरस बी१९. हा विषाणू लाल पेशी बनवणाऱ्या कोवळ्या पेशींतच घुसतो अन् सात ते दहा दिवस तिथलं काम ठप्प करतो. बाकीच्या मुलांनाही होतो, गाल लाल होतात, चार दिवस ताप, अन् कोणाला पत्ता लागत नाही. का, तर हिशोब करून दाखवते: साध्या मुलाच्या रोज १२० पैकी एका भागाएवढ्या पेशी मरतात, आठ दिवस नळ बंद राहिला तरी शंभरातल्या सातच कमी होतील, १२ चं ११ होईल. तुमच्या मुलीच्या पेशी पंधरा दिवसांच्या धरल्या तर आठ दिवसांत जवळपास अर्ध्या गेल्या, ८ चे ४. विषाणू तोच, दिवस तेवढेच. तिचं सिकल अचानक बिघडलं नाही, गळती आधीचीच होती, फक्त नळ बंद झाला.

म्हणूनच डॉक्टरांनी रेटिक काढलं. एसएस मुलाचं हिमोग्लोबिन एकदम पडलं तर दुसरंही एक कारण असते, पाणथरी (प्लीहा) अचानक फुगून रक्त आत अडकवून ठेवते, त्यात पोटाच्या डाव्या बाजूला गोळा लागतो अन् रेटिक वाढलेलं असते. म्हणजे एका ठिकाणी नळ बंद, दुसऱ्या ठिकाणी नळ धो धो पण पाणी भलतीकडेच, अन् दोन्हीत सीबीसीवर तोच ४ चा आकडा. पोट हातानं चाचपायला डॉक्टरांकडून शिकून घ्या, लहान भावासाठी तर जास्तच.

मुलीला पार्व्हो पुन्हा व्हायची शक्यता फार कमी, एकदा झाला की शरीर साधारण जन्मभर लक्षात ठेवते. भावाचं मात्र बघावं लागेल. वेगळं झोपवून आता फारसा फायदा नाही, ती पांढरी पडून धापा टाकत होती त्या दिवसांतच तिच्यापासून पसरत होता, अन् तेव्हा दोघं एकाच ताटात जेवत होते असं तुम्ही फोनवर म्हणाल्या. त्याचं सीबीसी अन् रेटिक आजच करा, अन् आज चांगलं आलं तरी पुढचे दोन-तीन आठवडे डॉक्टर सांगतील तसं पुन्हा पुन्हा करा. ताप आला, ओठ-तळहात पांढरे वाटले, खेळताना बसून राहायला लागला, तर रात्री बारा वाजले तरी निघायचं. सिकलचं कार्ड अन् मुलीचे मागचे रिपोर्ट एका पिशवीत घालून दाराजवळ अडकवून ठेवा.

अन् तुमची बहीण गरोदर आहे म्हणालात ना, तिच्याबद्दल तेव्हा बोलायचं राहिलं. हा विषाणू पोटातल्या बाळाचंही रक्त बनणं थांबवू शकतो. ती दवाखान्यात मुलीजवळ बसली होती का ते आठवा, बसली असेल तर तिच्या डॉक्टरांना सांगा, ते रक्ताची तपासणी लिहून देतील. मुलीचा भाऊ मोकळा आहे हे नक्की होईपर्यंत तिला तुमच्या घरी बोलावू नका, पोरांशी व्हिडिओ कॉलवर बोलू द्या.